भाड्याच्या घरात इजा झाली तर घरमालक किती जबाबदार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या पावसानंतर स्लॅबला ओल धरते, बोर्डात पाणी उतरते, जिन्यावर शेवाळ चढते आणि मग खालचे प्रश्न येऊ लागतात. उत्तरे महाराष्ट्रातील घरांपुरती आहेत. हा वकिलाचा सल्ला नाही. वकिलाकडे जाण्याआधी आपले प्रकरण कुठे बसते, याचा अंदाज यावा म्हणून हे लिहिले आहे.

घरात पडलो, हात मोडला. घर भाड्याचे आहे, तर खर्च मालकाने द्यायचा ना?

केवळ घर त्याच्या नावावर आहे म्हणून नाही. साबणावरून पाय घसरला, पंखा पुसताना स्टूल कलंडले, यात मालकाचा काय दोष? पण बाथरूमची लादी चार महिने हलत होती, तुम्ही त्याला दोनदा सांगितले होते, आणि त्याच लादीने पाय मुरगळला, तर गोष्ट वेगळी.

अशा प्रत्येक प्रकरणात शेवटी दोनच गोष्टी उकरल्या जातात. धोक्याची जागा कोणाच्या ताब्यात होती? आणि धोका कोणाला माहीत होता? बाकी सगळा वाद या दोन प्रश्नांभोवतीच फिरतो. म्हणून खाली 'लेखी कळवा' हे शब्द पुन्हा पुन्हा येतील, त्याचा कंटाळा करू नका.

मालकाच्या जबाबदारीसाठी वेगळा असा कायदा आहे का?

एकाच जागी लिहिलेला नाही. तुकडे विखुरलेले आहेत. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, त्याच वर्षीचा सुविधाधिकार (ईझमेंट) कायदा, 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, महापालिकांचे कायदे, फौजदारीसाठी भारतीय न्याय संहिता. आणि या सगळ्यांच्या खाली निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागण्याचा जो हक्क आहे, तो कुठल्या पुस्तकात कलम म्हणून छापलेला नसून न्यायालयांच्या निकालांतून घडत आला आहे.

आपल्याकडे ही निकालांची परंपरा इंग्लंडातून आली. तिथले जुने मत असे होते की फसवणूक केली नाही, तर मोडकळीला आलेले घर भाड्याने देण्यास कायद्याची आडकाठी नाही; घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. त्या मताची सावली अजून पुरती गेलेली नाही. मालकाचे वकील पहिल्याच तारखेला 'घर पाहूनच घेतले होते' असे का म्हणतात, ते यावरून लक्षात येईल.

आमचा 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स आहे. एजंट म्हणतो, तुम्ही भाडेकरू नाहीच, तुम्हाला हक्क नाहीत.

अर्धे खरे आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये तुम्हाला जागा वापरण्याची परवानगी मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. म्हणून भाडे नियंत्रण कायद्यातली भाडेकरूची बरीच संरक्षणे तुम्हाला लागू पडत नाहीत, आणि मुदत संपल्यावर घर सोडावेच लागते.

पण इजेच्या बाबतीत परवानाधारकाची, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याची, बाजू एजंट सांगतो तेवढी लंगडी नाही. सुविधाधिकार कायद्याचे कलम 57 सांगते की जागेत तुमच्या शरीराला किंवा सामानाला धोका होईल असा दोष असेल, तो मालकाला माहीत असेल आणि तुम्हाला माहीत नसेल, तर तो उघड करणे मालकावर बंधनकारक आहे. कलम 58 त्यापुढे जाते. तुम्ही राहत असताना जागा धोकादायक होईल असे काहीही मालकाने करायचे नाही. दोन्ही कलमे पाच-सहा ओळींची आहेत, आणि लिव्ह अँड लायसन्स करून देणाऱ्या दहा जणांपैकी एकाने तरी ती वाचली असतील का, याची मला शंका आहे.

उदाहरण घ्या. गच्चीवरच्या टाकीचा पाया खचला आहे असे प्लंबरने मालकाला सांगितले होते. मालकाने सिमेंट थापून, रंग देऊन घर भाड्याने दिले. टाकी कोसळून कोणी जखमी झाले तर 'त्यांनी घर पाहिले होते' हे उत्तर चालत नाही, कारण रंगाखालचे कोणालाच दिसत नाही. रीतसर भाडेपट्टा असेल तर हेच काम मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 ने होते: साध्या नजरेला न सापडणारा महत्त्वाचा दोष मालकाने सांगितलाच पाहिजे.

करार नोंदवलेला आहे ना, तेही बघा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणी करून घेणे मालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल, तर राहण्याच्या अटींबद्दल तुमचे म्हणणे उलट सिद्ध होईपर्यंत खरे धरले जाते. दुरुस्ती कोणी करायची यावर वाद झाला की हे कलम फार कामाला येते.

मालक दुरुस्ती करतच नाही. आपण करून भाड्यातून पैसे कापले तर?

भाडेकरू असाल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 14 ने मार्ग आहे. उलट करार नसेल, तर घर राहण्याजोगे ठेवणे मालकाचे काम. त्याला किमान 15 दिवसांची नोटीस द्या. त्यानंतर वाजवी वेळेत काम झाले नाही, तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मर्यादा आहे: एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको.

गिरगाव-लालबागच्या पागडीच्या खोल्यांत या कलमाने फारसे काही साधत नाही. महिन्याचे भाडे दोन-तीनशे रुपये, त्याच्या वर्षाच्या चौथ्या भागात एक बाथरूमसुद्धा वॉटरप्रूफ होत नाही. मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) जुन्या इमारतींची गोष्ट आणखी निराळी. तिथे म्हाडाचे दुरुस्ती व पुनर्रचना मंडळही दुरुस्तीच्या चित्रात असते, त्यामुळे तक्रारीची एक प्रत तिकडेही पाठवा.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी करारात लिहिल्याशिवाय परस्पर पैसे कापू नयेत. डिपॉझिट मालकाच्या खिशात असते, आणि भांडण मग इजेवरून सरकून थकबाकीवर जाते.

करारात लिहिले आहे, 'कोणत्याही अपघातास व जीवितहानीस मालक जबाबदार राहणार नाही.' मग संपलेच ना?

नाही. हे वाक्य छापील मसुद्यात इतके सर्रास असते की सही करताना कोणी वाचतही नाही. तुमच्या स्वतःच्या हलगर्जीपणापुरता त्याला अर्थ आहे. पण मालकाला माहीत असलेला धोका त्याने लपवला, किंवा कळवूनही काणाडोळा केला, तर या एका ओळीने सुटका होईल असे त्याने समजू नये. फौजदारी जबाबदारी तर दोन माणसांच्या करारातून पुसताच येत नाही. शिवाय घरी आलेला पाहुणा, दूधवाला, कामाला येणाऱ्या मावशी यांनी त्या कागदावर सही केलेली नसते.

गिझरचा शॉक लागला. गिझर मालकाचा, वापर आमचा. जबाबदार कोण?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त घोळाचा प्रश्न.

भिंतीतली वायरिंग, अर्थिंग, मुख्य बोर्ड हे घराचेच भाग आहेत. ते भाडेकरू बदलू शकत नाही आणि त्याने बदलूही नयेत. अर्थिंगच नसलेल्या बोर्डावर गिझर लावून घर भाड्याने दिले असेल, तर मालकाला हात वर करता येणार नाहीत. उलट गिझर चालू होता, तुम्ही परिसरातल्या कोणाकडून तरी कॉइल बदलून घेतली, त्याने अर्थची तार मोकळीच सोडली, तर बोट तुमच्याकडे वळते. मधला प्रकार सर्वांत अवघड: गिझर जुना, अधूनमधून झिणझिण्या येत होत्या, तुम्ही नुसते 'चप्पल घालून आंघोळ करा' असे घरच्यांना सांगत राहिलात आणि मालकाला कळवलेच नाही. धोका ठाऊक असून वापरला हे तुमच्या विरुद्ध जाते.

केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. त्यात वेगळा करार नसेल तर वायरिंग मालकाकडे आणि गिझरची, बटणांची, सॉकेटची दुरुस्ती भाडेकरूकडे अशी वाटणी आहे. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. महाराष्ट्रात 1999 चाच कायदा चालतो. तरी करार लिहिताना त्या वाटणीची यादी समोर ठेवायला हरकत नाही.

घरात शिरण्याआधी एक काम करा. मुख्य बोर्डात 'टेस्ट' लिहिलेले बटण असलेला आरसीसीबी आहे का बघा. घरगुती वापराचा आरसीसीबी साधारणतः 30 मिलिअँपिअर इतकी विजेची गळती झाली की वीज तोडतो. नुसता एमसीबी शॉकपासून वाचवत नाही, तो वायर जळू नये म्हणून असतो. इलेक्ट्रिशियनकडून आरसीसीबी बसवून घेण्याचा खर्च काही हजारांत असतो. मालक नाही म्हणाला तर मी ते घर घेणार नाही, इतके माझे मत स्पष्ट आहे.

शॉकने मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर शासनाच्या विद्युत निरीक्षकाकडून चौकशी होऊ शकते, वीज कायदा 2003 च्या कलम 161 खाली. दोष कुठे होता हे त्या अहवालात येते, म्हणून तोवर बोर्डाला आणि गिझरला कोणालाही हात लावू देऊ नका.

गॅस गिझरबद्दल दोनच वाक्ये. बंद बाथरूममध्ये तो लावलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि माणूस ओरडण्याआधी बेशुद्ध होतो. खिडकी किंवा जाळी नसलेल्या बाथरूममध्ये मालकाने तो बसवून दिला असेल, तर कलम 57 आणि 58 डोळ्यांपुढे ठेवून लेखी हरकत घ्या.

छताचे प्लास्टर अंगावर पडले. मालक म्हणतो सोसायटी, सोसायटी म्हणते वरचा फ्लॅटवाला.

पाण्याची वाट शोधा, जबाबदारी तिच्या मागोमाग सापडते. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून गळत असेल तर तो सभासद. गच्चीतून उतरत असेल तर सोसायटी. बीम-कॉलमचा गंज असेल तरीही सोसायटी. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट 5 वर्षांतून एकदा, आणि 30 वर्षांपुढे 3 वर्षांतून एकदा करायचे असते. ते झाले का, हे भाडेकरू थेट विचारायला गेला तर त्याला वाटेला लावतात. घरमालक सभासद आहे, त्याने अर्ज करून विचारावे. घरमालकाने सोसायटीला एकदाही पत्र लिहिले नसेल, तर 'माझा काय दोष' हे त्याला शोभत नाही.

मी भाड्याने राहत असताना पलंगाच्या उशाकडचे परातीएवढे प्लास्टर भर दुपारी खाली आले. घरात कोणी नव्हते. घरमालकाने फोनवर सांगितले, 'रंगाच्या वेळी करू.' तेव्हा मीही लेखी काही दिले नव्हते, आणि रंगाची वेळ मी तिथे असेपर्यंत आली नाही.

'आतून खराब होते, बाहेरून कसे कळणार' या बचावावर सर्वोच्च न्यायालयाचा 1966 चा एक निकाल सांगण्यासारखा आहे. दिल्लीत चांदणी चौकातला घंटाघर मनोरा 1951 मध्ये कोसळून माणसे मेली. मनोरा सुमारे 80 वर्षांचा, आणि ज्या चुन्यात तो बांधला होता त्याचे आयुष्य 40-45 वर्षे. न्यायालय म्हणाले, इमारत अशी आपोआप पडत नसते. दोष लपलेला होता म्हणून मालक सुटत नाही, जुन्या बांधकामाची वेळोवेळी तपासणी करणे त्याचे कर्तव्य होते. तिथले बळी रस्त्यावरचे लोक होते, भाडेकरू नव्हेत. तरी जुनी इमारत आणि न केलेली तपासणी हा धागा वकील भाड्याच्या घरांच्या दाव्यातही ओढतात.

इमारत 'सी-1' आहे असे शेजारी म्हणतात. मालकाने सांगितलेच नव्हते.

सी-1 म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-2ए मध्ये रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-2बी मध्ये रिकामी न करता दुरुस्ती, सी-3 मध्ये किरकोळ काम. मुंबईत अशा नोटिसा महापालिका कायद्याच्या कलम 354 खाली निघतात, आणि पावसाळ्याआधी प्रभागवार याद्या जाहीर होतात. यादीत नाव शोधायला पाच मिनिटे लागतात.

27 जून 2022 च्या रात्री कुर्ला पूर्वेला नाईक नगरमधली इमारत कोसळली आणि 19 जण गेले. महापालिकेने ती आधीच धोकादायक ठरवली होती, तरी भाड्याने राहणारे मजूर तिथे होते. पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचे कलम लावून गुन्हा नोंदवला. नोटीस हातात असताना स्वस्त भाड्याच्या लालचेने माणसे ठेवणे हा निष्काळजीपणाच्या पलीकडचा प्रकार आहे.

जिना, लिफ्ट, पार्किंगमध्ये इजा झाली तर?

या जागा सोसायटीच्या ताब्यात. दावा मुख्यतः तिच्यावर, लिफ्टच्या बाबतीत देखभालीचा ठेका असलेल्या कंपनीवरही. स्वतंत्र बंगल्यात किंवा वाड्यात सगळा जिना मालकाचाच असतो, तिथे त्याला जबाबदारी ढकलायला दुसरे कोणी नाही.

आम्हीच भिंत पाडली किंवा पोटमाळा टाकला असेल तर?

मग अंगाशी येऊ शकते. मालकाच्या संमतीशिवाय कायम स्वरूपाचे बांधकाम केले तर घर खाली करून मागायला त्याला कारण मिळते, आणि खालच्या-वरच्या रहिवाशांना इजा झाली तर तुम्हीच आरोपी. घाटकोपरची साई दर्शन इमारत 25 जुलै 2017 रोजी कोसळून 17 जण मृत्युमुखी पडले; तळमजल्यावर चाललेले फेरबदल हे त्या प्रकरणातल्या आरोपाचे मूळ होते. दोघांचीही चूक असेल तर न्यायालय टक्के ठरवते आणि तुमची भरपाई तेवढ्याने कमी होते.

अपघात झाला त्या दिवशी काय करायचे?

आधी दवाखाना. तिथे 'घरी पडलो' एवढेच सांगू नका. काय पडले, कुठे, कसे हे केसपेपरवर लिहून घ्या. मार मोठा असेल तर एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करायला सांगा. मग कोणीतरी घरी थांबून फोटो आणि व्हिडिओ काढावेत, पडलेले तुकडे, जळलेला प्लग जपून ठेवावा. आवरासावर करण्याची आपली सवय इथे नडते: संध्याकाळपर्यंत लादी पुसलेली, प्लास्टर कचऱ्यात, आणि मालकाचा माणूस येऊन सिमेंट लावून गेलेला.

त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅप करा, आधीच्या तक्रारींची तारीख लिहून. नंतर नोटीस पाठवा. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा स्पीड पोस्टाची पावती आणि पोच जपा. व्हॉट्सअॅपचे संदेश न्यायालयात चालतात, पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून फोन बदलताना चॅट उडवू नका. नुसते स्क्रीनशॉट कमी पडतात.

पोलिस 'हे दिवाणी आहे' म्हणून परत पाठवतात.

नेहमी दिवाणी नसते. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचे कलम 106, शिक्षा 5 वर्षांपर्यंत. जीव धोक्यात घालणाऱ्या बेदरकार कृत्याने दुखापत झाली तर कलम 125. गंभीर दुखापतीला 3 वर्षांपर्यंत. इमारतीचे काम चालू असताना पुरेशी काळजी न घेतल्यास कलम 290. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे, त्याआधीच्या घटनेला जुने भारतीय दंड विधान. मात्र फौजदारी प्रकरणात पुरावा कडक लागतो आणि दवाखान्याचे बिल त्यातून सहसा निघत नाही. पैशांसाठी दिवाणी दावाच.

दावा किती दिवसांत करायचा, आणि काय मिळते?

इजेच्या भरपाईसाठी साधारण 3 वर्षे. मृत्यू झाला असेल तर 1855 च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली पती-पत्नी, आईवडील, मुले यांच्यासाठी दावा करता येतो आणि त्याची मुदत 2 वर्षे आहे. दुःखाच्या भरात ही दोन वर्षे कशी जातात कळत नाही, म्हणून तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

उपचारखर्च, बुडालेला पगार, पुढे कमाई कमी होणार असेल तर ती, आणि वेदनांबद्दल काही रक्कम असे मागता येते. मोटार अपघाताच्या दाव्यांतली गुणक पद्धत (वार्षिक उत्पन्नाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणणे) न्यायालये इथेही आधाराला घेतात. पण दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो. बिल लाखाच्या आत असेल तर मी आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तडजोडीचा अर्ज करायला सांगेन. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

तक्रार केली म्हणून मालकाने पाणी तोडले.

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 ने भाडेकरूचा आवश्यक पुरवठा तोडण्यास मनाई आहे. न्यायालयाकडून तो पूर्ववत करून घेता येतो.

मुलगा पुण्यात पीजीत राहतो. तिथे हाच नियम?

पीजीत राहण्या-जेवणाची सेवा विकली जाते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या 'सेवे'च्या व्याख्येत निवास व भोजन येते, त्यामुळे ग्राहक आयोगाचे दार उघडे असू शकते. नुसत्या भाड्याच्या फ्लॅटला ते सहसा उघडत नाही.

मालक अमेरिकेत, घर कोथरूडला. नोटीस कोणाला?

दोघांना. करारावर ज्याने कुलमुखत्यार म्हणून सही केली त्याला, आणि करारातल्या मालकाच्या पत्त्यावर व ईमेलवर. कुलमुखत्यार बहुधा भाऊ किंवा मेव्हणा असतो आणि 'मी फक्त सही केली' असे म्हणतो. त्याला कळवले म्हणजे मालकाला कळवल्यासारखेच आहे, हा मुद्दा नोटिशीत स्पष्ट लिहा. परदेशातल्या घरमालकांनाही सांगणे आहे: दर दोन वर्षांनी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून घर तपासून त्याची सही-शिक्क्याची पावती फाइलला लावा, आणि भाडेकरूचा 'काका, बोर्डातून ठिणगी येते' असा मेसेज आला, तर निळी टिक होऊन तो तसाच पडून राहू देऊ नका. न्यायालयात तीच निळी टिक तुमच्या विरुद्ध दाखवली जाईल.